पुरःस्थ ग्रंथीचा जुनाट दाह : एका वादाचा इतिहास

वैद्यकाच्या इतिहासांत कांहीं वाद एखाद्या शोधासरशीं मिटतात. हिवताप दूषित हवेनें येतो, हें शतकानुशतकें चालत आलेलें मत १८९७ सालीं सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यानें डासाच्या पोटांत त्या रोगाचा परोपजीवी जंतु पाहिला तेव्हांपासून मावळूं लागलें. परंतु कांहीं वाद असे असतात कीं, प्रत्येक नव्या शोधाबरोबर ते मिटण्याऐवजीं नवें रूप घेऊन पुन्हां उभे राहतात. पुरःस्थ ग्रंथीच्या, म्हणजे ज्या ग्रंथीला आज सारे लोक प्रॉस्टेट म्हणतात तिच्या, जुनाट दाहाविषयींचा वाद हा या दुसऱ्या वर्गांतला आहे. विषय नाजूक आहे, व सभ्य मंडळींत त्याचा उच्चार करण्याचा प्रघात नाहीं. पण संकोचानें झांकलेलीं दुःखें झांकल्यामुळें कमी होत नाहींत. उलट तीं भोगणारा मनुष्य एकटा मात्र पडतो. म्हणून या वादाची हकीकत एकदां नीट सांगणें अवश्य आहे असें वाटतें.

ही ग्रंथि मूत्राशयाच्या मुखाशीं, मूत्रनलिकेला वेढून बसलेली असते. तरुण पुरुषांत तिचें वजन सुमारें वीस ग्रॅम, आकार अक्रोडाएवढा. मूत्राशयाच्या पुढें उभी असलेली, या अर्थानें ग्रीक शब्दावरून तिला हें नांव मिळालें. व्हेनिसच्या निकोलो मासा यानें १५३६ त तिचें वर्णन केलें आणि दोनच वर्षांनीं वेसेलियसनें तिचें चित्र काढलें. शरीराच्या इतक्या आंत व इतक्या आडजागीं ती आहे कीं, जिवंत माणसांत तिची परीक्षा वैद्याला फार काळ गुदद्वारांतून बोट घालूनच करावी लागे. जें डोळ्यांना दिसत नाहीं त्याविषयीं तर्काला मोकळें रान मिळतें, व या ग्रंथीच्या बाबतींत नेमकें तेंच झालें.

रोग्याचें गाऱ्हाणें मात्र साधें असतें. ओटीपोटांत, गुद व वृषण यांच्यामधल्या जागेंत, कधीं शिस्नाच्या टोकाशीं दुखतें. लघवी वरचेवर व जळजळीची होते. बसणें असह्य होतें. रतिसुखानंतर कळ येते. हें महिनोन्‌महिने चालतें. मरण त्यानें येत नाहीं. पण जगणें बेचव होतें. या गाऱ्हाण्याचें कारण काय, एवढाच प्रश्न. आणि त्याला प्रत्येक पिढीनें आपल्या काळाला साजेसें उत्तर दिलें.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हें उत्तर फ्रान्समधील माँपेल्ये येथील शस्त्रवैद्य क्लोद फ्रांस्वा लालमाँ यानें दिलें. १८३६ ते १८४२ या काळांत प्रसिद्ध झालेल्या आपल्या मोठ्या ग्रंथांत त्यानें असें प्रतिपादन केलें कीं, या ग्रंथीमधून जाणाऱ्या मूत्रनलिकेच्या भागाला सूज येते, तिच्यामुळें नकळत वीर्यस्राव होतो व त्या स्रावानें सारें शरीर आणि मन खचतें. उपाय कोणता? मूत्रनलिकेंतून एक उपकरण आंत सारून तो भाग सिल्व्हर नायट्रेटनें जाळणें! हा दाहक उपचार युरोपांत वर्षानुवर्षें चालला. तो सोसलेल्या रोग्यांपैकीं पुष्कळांचें मूळचें दुखणें किती उरलें व उपचारानें नवें किती जडलें, याचा हिशेब कोणीं ठेवला नाहीं. पुढें अमेरिकेंत जॉर्ज बिअर्ड यानें मज्जातंतूंच्या दुर्बलतेची कल्पना मांडली. तिचा पुरुषांच्या गुह्य तक्रारींना लावलेला विस्तार त्याच्या मृत्यूनंतर १८८४ त पुस्तकरूपानें निघाला. अशा रीतीनें शतक संपण्यापूर्वींच दोन पक्ष तयार झाले. एक म्हणे, रोग ग्रंथींत आहे. दुसरा म्हणे, रोग मनांत आहे. आजवर या दोन पक्षांनीं एकमेकांची पाठ सोडलेली नाहीं.

१८७९ त आल्बर्ट नाइसर यानें परम्याचा जंतु शोधून काढला आणि पहिल्या पक्षाला मोठें बळ आलें. परमा वरून बरा झाला तरी जंतु ग्रंथीच्या कोनाकोपऱ्यांत दडून राहतो, असें मानलें जाऊं लागलें. त्याला हुसकून काढण्यासाठीं ग्रंथीचें मर्दन करण्याची चाल पडली. बोटानें ग्रंथि दाबून तिच्यांतला सांचलेला स्राव बाहेर काढावयाचा, आठवड्यांतून दोन-तीनदां, महिनोन्‌महिने. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मूत्ररोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत हें नित्याचें काम होऊन बसलें. १९०६ त बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांतील ह्यू यंग व त्याच्या सहकाऱ्यांनीं या जुनाट दाहावर विस्तृत निबंध लिहिला, व हा रोग स्वतंत्र अभ्यासाचा विषय झाला.

त्याच सुमारास वैद्यकांत एक नवी लाट आली. शिकागोचा फ्रँक बिलिंग्ज व लंडनचा विल्यम हंटर यांनीं असें मत मांडलें कीं, शरीरांत कोठें तरी दडलेलें जंतूंचें लहानसें ठाणें दूरच्या अवयवांना विष पुरवितें. मग दांत उपटले जाऊं लागले, गलग्रंथि कापल्या जाऊं लागल्या. पुरःस्थ ग्रंथीची स्थिति तर दुहेरी झाली. सांधे दुखले तर त्याचा दोष तिच्यावर यावा, आणि ती दुखली तर दोष दांतांवर जावा! कारण व कार्य यांची अशी अदलाबदल ज्या उपपत्तींत सहज होऊं शकते ती उपपत्ति कांहींच सिद्ध करीत नाहीं. पण हें ध्यानांत येईपर्यंत दोन-तीन दशकें लोटलीं.

१९३७ च्या सुमारास सल्फा औषधें व १९४३ पासून पेनिसिलिन परम्यावर चालूं लागलें. जंतुपक्षाचें म्हणणें खरें असतें तर आतां हा जुनाट दाह नाहींसा व्हावयास हवा होता. तसें झालें नाहीं. परमा हटला, दुखणें राहिलें. येथें थांबून मूळ समजूत तपासून पाहण्याचा क्षण आला होता. पण वैद्यवर्गानें बहुतांशीं दुसरा मार्ग धरला : जंतु दुसरा असेल, औषध ग्रंथींत पुरेसें उतरत नसेल, तेव्हां औषध बदला व मुदत वाढवा. यांतला मधला मुद्दा अगदींच निराधार नव्हता. कित्येक जंतुनाशक औषधें या ग्रंथीच्या स्रावांत खरोखरच नीट उतरत नाहींत. पण अर्धें सत्य हें पूर्ण असत्यापेक्षां अधिक काळ टिकतें, त्याचें हें एक उदाहरण होय.

पहिली शिस्तशीर परीक्षा १९६८ सालीं आली. कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मीअर्स व स्टेमी या दोघांनीं चार नमुन्यांची पद्धति प्रसिद्ध केली. पहिल्या धारेचें मूत्र, मधल्या धारेचें मूत्र, मर्दनानें निघालेला ग्रंथीचा स्राव, आणि मर्दनानंतरचें मूत्र, असे चार नमुने वेगवेगळे घेऊन प्रत्येकांतील जंतु मोजावयाचे. शेवटच्या दोहोंत जंतु पुष्कळ पटींनीं अधिक आढळले तरच ते ग्रंथींतले समजावयाचे. या तराजूंत रोगी तोलले गेले तेव्हां जंतुजन्य जुनाट दाह असलेले रोगी शेंकडा दहांच्याही आंतच भरले. उरलेल्या नव्वदांचें काय? १९७८ त ड्राच, फेअर, मीअर्स व स्टेमी यांनीं वर्गीकरण केलें. त्यांत तीव्र जंतुजन्य, जुनाट जंतुजन्य, जंतुविरहित दाह, व केवळ ग्रंथिवेदना असे चार वर्ग होते. पुढच्याच वर्षीं मेयो क्लिनिकच्या सेगुरा, ओपिट्झ व ग्रीन यांनीं याहूनही धीट प्रश्न विचारला : दुखणारी वस्तु ही ग्रंथि नसून ओटीच्या तळाचे ताणलेले स्नायु तर नव्हेत? म्हणजे शंभर वर्षें ज्या ग्रंथीवर खटला चालला तिचा गुन्ह्याशीं संबंधच नसावा, अशी शंका प्रथमच उघडपणें मांडली गेली.

तरीही दवाखान्यांतला व्यवहार फारसा पालटला नाहीं. याचें कारण, आमच्या मतें, नांवांत होतें. एकदां 'दाह' म्हटलें कीं जंतु मनांत येतो, आणि जंतु मनांत आला कीं जंतुनाशक लेखणींतून उतरतें. डिसेंबर १९९५ त अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थेनें तज्ज्ञांची परिषद भरविली, व तेथें ठरलेलें वर्गीकरण १९९९ त प्रसिद्ध झालें. त्यांत तिसऱ्या व सर्वांत मोठ्या वर्गाला 'जुनाट ओटीवेदनेचा लक्षणसमूह' असें नांव दिलें गेलें. त्याच वर्षीं रोग्याच्या पीडेला शून्यापासून त्रेचाळीसपर्यंत गुण देणारी प्रश्नावलि तयार झाली. ती दिसावयास क्षुल्लक वाटते. परंतु ग्रंथीच्या स्रावाऐवजीं रोग्याचें म्हणणें मोजावें हें तिच्यामागचें तत्त्व मोठें होतें.

याहून महत्त्वाची गोष्ट २००३ मध्यें घडली. निकेल व सहकाऱ्यांनीं ४६३ रोग्यांच्या शेजारीं १२१ निरोगी पुरुष बसविले व दोघांचेही नमुने सारख्याच रीतीनें तपासले. ग्रंथीशीं निगडित जंतु रोग्यांत शेंकडा ८·० जणांकडे व निरोग्यांत शेंकडा ८·३ जणांकडे मिळाले! ग्रंथीच्या स्रावांतील पांढऱ्या पेशी ठराविक मर्यादेइतक्या वा अधिक असलेले पुरुष रोग्यांत शेंकडा ५० तर निरोग्यांत ४० होते. ज्या जंतूंच्या व पेशींच्या पुराव्यावर पिढ्यान्‌पिढ्या निदान झालें तेच जंतु व त्याच पेशी ज्यांना कांहींच दुखत नाहीं अशांच्या शरीरांतही नांदत होत्या. नाइसरच्या शोधानंतर सव्वाशें वर्षें लोटेपर्यंत अशी मोठी तुलना झाली नाहीं, ही या इतिहासांतील सर्वांत बोधप्रद व सर्वांत लाजिरवाणी बाब आहे. रोग्यांत जें शोधावें तें सांपडतें. तें निरोग्यांतही सांपडतें काय, हा प्रश्न विचारणें हेंच शास्त्र.

औषधांची परीक्षाही याच सुमारास झाली. २००४ मध्यें १९६ रोग्यांवर सिप्रोफ्लॉक्सेसिन हें जंतुनाशक व टॅम्सुलोसिन हें मूत्रमार्ग सैल करणारें औषध सहा आठवडे वापरून पाहिलें. औषधाचा भास देणाऱ्या निर्गुण गोळीहून त्यांचा गुण विशेष दिसला नाहीं. २००८ मध्यें २७२ रोग्यांवर अल्फुझोसिन बारा आठवडे चालविलें. औषध घेणाऱ्यांत शेंकडा ४९·३ व निर्गुण गोळी घेणाऱ्यांतही नेमक्या तितक्याच जणांना बरें वाटलें. हा शेवटचा आंकडा नीट लक्षांत घ्यावा. निम्म्या रोग्यांना कशानेंही बरें वाटतें. म्हणूनच लालमाँपासून पुढें प्रत्येक उपचाराला आपले साक्षीदार मिळत गेले. मनिला येथें मर्दन व जंतुनाशकें यांच्या जोड उपचारासाठीं परदेशांतून रोगी जात, त्यांतही कित्येकांनीं गुणाची ग्वाही दिली. ती ग्वाही खोटी होती असें नव्हे. ती पुरेशी नव्हती. आणि निरुपयोगी औषध निरुपद्रवी असतेंच असें नाहीं. सिप्रोफ्लॉक्सेसिनच्या वर्गांतील औषधांनीं स्नायूंच्या कंडरा तुटतात, असा ठळक इशारा अमेरिकेनें २००८ त दिला. आणि २०१८ त युरोपच्या औषधनियामक संस्थेनें जंतुविरहित जुनाट दाहासाठीं हीं औषधें वापरूं नयेत असें स्पष्ट सांगितलें.

आपल्याकडे या विषयाला आणखी एक पदर आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत मूत्राघाताच्या प्रकारांत वाताष्ठीला सांगितली आहे, आणि अर्वाचीन वैद्य तिचा संबंध या ग्रंथीशीं जोडतात. परंतु तें वर्णन अडथळा करणाऱ्या कठीण गांठीचें आहे, प्रस्तुत वेदनेचें नव्हे. खरा संबंध आहे तो धातुक्षयाच्या भीतीशीं. लालमाँची समजूत फ्रान्समध्यें लोपली, पण तिची बहीण शोभेल अशी समजूत आपल्या समाजांत फार जुनी आहे, आणि धातुपौष्टिकांच्या जाहिरातींनीं ती पोसली. १९६० त डॉ. नरेंद्रनाथ विग यांनीं या भीतीनें ग्रासलेल्या अवस्थेला धातु-लक्षणसमूह असें नांव दिलें. यामुळें येथल्या रोग्यावर दुहेरी अन्याय होण्याचा संभव असतो. एक वैदू त्याच्या खऱ्या कळेला धातुक्षय म्हणून भस्में विकतो. दुसरा शहाणा वैद्य तीच कळ केवळ मनाचा खेळ म्हणून उडवून लावतो.

मग सत्य कोठें आहे? २००९ पासून शोस्केस, निकेल इत्यादिकांनीं असा विचार मांडला कीं, हा एक रोग नसून अनेक वाटांनीं येणारें एकच गाऱ्हाणें आहे. म्हणून लघवीची तक्रार, मनाची स्थिति, ग्रंथि, जंतु, मज्जातंतु व स्नायूंचा हळवेपणा या सहा अंगांनीं प्रत्येक रोग्याची पाहणी करावी व जें अंग दुखावलेलें असेल त्यावर उपाय करावा. स्नायु सैल करण्याचे व्यायाम व मर्दन, ताण शमविण्याच्या रीति यांकडे आतां आदरानें पाहिलें जातें. २०२१ त चीनमध्यें ४४० रोग्यांवर झालेल्या परीक्षेंत आठ आठवडे खऱ्या सुया टोंचल्यावर शेंकडा ६०·६ जणांना, तर खोट्या सुयांनीं ३६·८ जणांना गुण आला. येथेंही खोट्या सुयांचा वाटा विसरतां येत नाहीं. पण अंतर आहे, हेंही खरें. सहा अंगांची ही मांडणी म्हणजे अंतिम सिद्धांत नव्हे. वाद मिटला नाहीं, तो शहाणा मात्र झाला आहे.

या साऱ्या इतिहासांत एक पक्ष नेहमीं गैरहजर राहिला, व तो म्हणजे स्वतः रोगी. ग्रंथिपक्षानें त्याला जाळलें, दाबलें व औषधांनीं भरलें. मनःपक्षानें त्याला भ्रमिष्ट ठरविलें. वेदनेचें कारण सांपडत नाहीं याचा अर्थ वेदना नाहीं असा होत नाहीं, आणि वेदना खरी आहे याचा अर्थ आपण तिला दिलेलें नांव खरें आहे असाही होत नाहीं. हीं दोन वाक्यें एकत्र धरून ठेवण्यास वैद्यकाला जवळजवळ दोनशें वर्षें लागलीं. "मला अद्याप नक्की सांगतां येत नाहीं, पण तुझें दुखणें मी खरें मानतों," असें म्हणणारा वैद्य ज्या रोग्याला मिळाला त्याचा अर्धा भार तेथेंच उतरला असें समजावें.