काटा कोणाच्या हातीं?

लातूरच्या गंजगोलाईपासून सोळा रस्ते निघतात. १९१७ सालीं ही गोलाकार पेठ आंखली गेली, तेव्हां लातूर हें निजामाच्या राज्यांतील एक वाढतें व्यापारी गांव होतें. भोंवतालच्या खेड्यांतून तूर, हरभरा, ज्वारी यांच्या गाड्या येथें येत. तिकडे नांदेडच्या बाजारांत गावरानी कापसाचे ढीग पडत. आज या दोन्ही शहरांच्या पेठांत धान्य आणि कापड यांच्या जोडीला संगणकही विकले जातात. धान्याचा ढीग आणि संगणक यांचा एकमेकांशीं संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो जुना आहे. दोन्ही व्यवहारांत एका पक्षाला वस्तुस्थिति ठाऊक असते आणि दुसऱ्याला ती नसते. म्हणून मध्यें तिसरा कोणी तरी लागतो. तो माल पाहतो, मोजतो आणि त्याची योग्यता सांगतो. हा तिसरा माणूस कोणाचें मीठ खातो, या प्रश्नाचा इतिहास मी आज थोडक्यांत सांगणार आहें.

जुन्या बाजारांत शेतकरी आपला माल घेऊन अडत्याच्या दुकानीं उतरे. भाव उघड बोलला जात नसे. खरेदीदार आणि अडत्या रुमालाखालीं हात घालीत व बोटें दाबून आंकडा ठरवीत. ज्याचा माल, तो शेजारीं उभा राहूनही अंधारांत असे. मग तोल होई. काटा अडत्याचा, वजनें त्याचीं, आणि तोलणारा मापाडीही त्याच्याच दारचा. शेर आणि मण गांवोगांवीं निरनिराळे, त्यामुळें पडताळा घेण्याची सोय नव्हती. पट्टी हातीं पडे तेव्हां तींतून हमाली, तोलाई, कडता, धर्मादाय अशा कितीतरी रकमा वजा झालेल्या असत. नमुना म्हणून काढून घेतलेला माल वेगळाच. यांतील प्रत्येक मापाडी लबाड होता असें मुळींच नाहीं. पुष्कळ जण सचोटीचे असतील. पण ज्याच्या घरून रोजची मजुरी येते त्याच्या बाजूला काटा किंचित् झुकला, तर त्याला चोरी म्हणण्याचा प्रघात बाजारांत नव्हता. ती रीतच होती.

या रीतीला पहिला लगाम वऱ्हाडांत बसला. हैद्राबादच्या ब्रिटिश रेसिडेन्सीच्या हुकुमान्वयें १८८६ सालीं कारंजा येथें कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, आणि १८९७ सालीं वऱ्हाडासाठीं कापूस व धान्य यांच्या बाजारांचा कायदा आला. १९२८ सालीं शेतीविषयक रॉयल कमिशननें असे बाजार ठिकठिकाणीं असावेत अशी शिफारस केली. १९३० सालीं हैद्राबाद संस्थानानेंही शेतमालाच्या बाजारांचा कायदा केला. स्वातंत्र्यानंतर १९५६ च्या कायद्यानें वजनामापांत दशमान पद्धति आली, आणि १९६३ च्या महाराष्ट्र कायद्यानें बाजार समित्यांना आजचें रूप दिलें. या सर्व कायद्यांत एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. त्यांनीं मापाड्याला सदाचाराचें प्रवचन दिलें नाहीं. त्याचा परवाना अडत्याच्या मर्जीवर न ठेवतां समितीकडे सोंपविला, तोलाईचा दर बांधून दिला, वजनांची तपासणी लावली आणि भाव उघड पुकारावयास लावला. समित्यांवरही व्यापाऱ्यांचा किंवा पुढाऱ्यांचा वरचष्मा होतो, हें आपण जाणतोंच. तरीपण तोलणाऱ्याचें स्वातंत्र्य हा त्याच्या स्वभावाचा प्रश्न नसून व्यवस्थेचा प्रश्न आहे, एवढें या इतिहासानें निर्विवादपणें शिकविलें.

कारखान्यांत तयार होणाऱ्या मालाला हाच न्याय लागण्यास आणखी कांहीं वर्षें लागलीं. अमेरिकेंत १९२९ सालीं ग्राहकांच्या वतीनें वस्तूंची तपासणी करणारी पहिली मोठी संस्था निघाली. १९३५ मध्यें तेथील नोकरांनीं संप केला, आणि पुढील वर्षीं त्यांनींच 'कन्झ्यूमर्स युनियन' ही निराळी संस्था स्थापिली. तिच्या मासिकानें दोन नियम कटाक्षानें पाळले: जाहिरात घ्यावयाची नाहीं, आणि तपासावयाची वस्तु सामान्य गिऱ्हाइकाप्रमाणें दुकानांतून विकत आणावयाची. इंग्लंडांत १९५७ सालीं 'विच' हें पत्र त्याच वाटेनें निघालें. आपल्याकडे १९६६ सालीं मुंबईंत कन्झ्यूमर गायडन्स सोसायटीची स्थापना झाली. 'कीमत' हें नियतकालिक तिचेंच. पुढें बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकारानें १९७४ सालीं पुण्यांत ग्राहक पंचायतीचें काम सुरू झालें, आणि १९८६ सालीं ग्राहक संरक्षणाचा कायदा झाला. दुकानदाराच्या तोंडावर पावती मागण्याचें धैर्य मध्यमवर्गीय गृहिणीला आलें, त्याच्या मागें ही सारी खटपट आहे.

संगणकाच्या बाबतींत मात्र जुना अडत्या नव्या वेषांत परत आला. नवें यंत्र बाजारांत येण्यापूर्वीं कंपनी तें परीक्षकाकडे पाठविते. म्हणजे ढिगांतील नमुना विकणारा स्वतः निवडून देतो. ज्या मासिकांत परीक्षण छापावयाचें, त्याचीं पानें त्याच कंपनीच्या जाहिरातींनीं भरलेलीं असतात. प्रतिकूल लिहिलें तर पुढचें यंत्र वेळेवर येत नाहीं, आणि आधीं छापण्याचा मान दुसऱ्याकडे जातो. येथें कोणी लांच देत नाहीं, कोणी घेतही नाहीं. फक्त लेखणी जरा मऊ पडते.

यावर उपाय म्हणून सर्वांना सारखें माप शोधण्यांत आलें. १९८१ च्या सप्टेंबरांत 'बाइट' या अमेरिकन मासिकानें अविभाज्य संख्या शोधण्याची एक छोटी आज्ञावली छापली आणि निरनिराळ्या यंत्रांना व भाषांना ती किती वेळ लागतो तें मोजलें. वाचकाला घरीं तीच चाचणी घेतां येई, हा तिचा मोठा गुण होता. १९८८ सालीं संगणक बनविणाऱ्या कंपन्यांनींच 'स्पेक' ही संस्था काढून चाचण्यांचा प्रमाणित संच केला. पण माप प्रसिद्ध झालें कीं मापापुरता माल तयार होऊं लागतो. त्या संचांतील एका चाचणींत मोठ्या कोष्टकांचा गुणाकार होता. आज्ञावलीचें यंत्रभाषेंत रूपांतर करणारा कंपायलर त्या चाचणीला अनुरूप करतांच तिचा आंकडा अनेक पटींनीं वाढला. यंत्र तेंच, कसब फक्त परीक्षेचें. १९९२ च्या संचांतून ती चाचणी वगळण्यांत आली. २००१ सालीं याहून बोलकें उदाहरण घडलें. 'क्वेक ३' हा खेळ ग्राफिक्स कार्डांच्या परीक्षणासाठीं सर्वत्र वापरीत. एटीआय कंपनीच्या एका नव्या कार्डाचा ड्रायव्हर त्या खेळाचें नांव ओळखी आणि चित्रांचा दर्जा उतरवून वेग वाढवी. परीक्षकांनीं फाइलींतील 'क्वेक' शब्दाच्या जागीं 'क्वॅक' घातला. तोच वेग खालीं आला आणि चित्रें सुधारलीं. एका अक्षराच्या फेरबदलानें जें उघडकीस आलें, तें कंपनीच्या पत्रकावर विसंबणाऱ्याला कधींच दिसलें नसतें.

आतां सरकारनेंही यांत लक्ष घातलें आहे. २०२२ च्या जूनमध्यें केंद्रानें फसव्या जाहिराती व शिफारशी यांविषयीं नियम केले. शिफारस करणाऱ्याचा विक्रेत्याशीं आर्थिक संबंध असेल तर तो उघड केला पाहिजे. त्याच वर्षीं भारतीय मानक ब्यूरोनें ग्राहकांच्या अभिप्रायांसाठीं आयएस १९००० हें मानक काढलें, मात्र तें ऐच्छिक आहे. हे नियम स्वागतार्ह आहेत. पण संबंध जाहीर करणें म्हणजे स्वतंत्र असणें नव्हे. 'काटा अडत्याचा आहे' अशी पाटी दुकानावर लावल्यानें तोल बरोबर होत नाहीं. गिऱ्हाईक सावध होतें, इतकेंच.

कोणी म्हणेल, मराठी मासिकानें जाहिराती सोडल्या तर तें चालावें कसें? शंका रास्त आहे. मराठी वाचकवर्ग मर्यादित, वर्गणी थोडी, आणि एकेका यंत्राची किंमत हजारोंच्या घरांत. कंपनीनें पाठविलेलें यंत्र कधींच घेऊं नये असा कडक नियम सर्वांना झेपणार नाहीं. परंतु कांहीं गोष्टी गरिबींतही पाळतां येतात. यंत्र कोठून आलें आणि परत गेलें कीं नाहीं, हें छापावें. सर्व कंपन्यांना एकच चाचणी लावावी आणि तिची रीत सांगावी. लेख छापण्यापूर्वीं कंपनीला तपशिलाची चूक दाखवूं द्यावी, पण निर्णयास हात लावूं देऊं नये. जाहिराती मिळविणारा आणि परीक्षण लिहिणारा हे एकच गृहस्थ नसावेत. आणि शक्य होईल तेव्हां तेंच यंत्र बाजारांतून आणून पुन्हां तपासावें.

मराठवाड्याच्या दृष्टीनें आणखी एक मुद्दा आहे. लातूर हें प्रवेशपरीक्षांच्या अभ्यासाचें मोठें केंद्र झालें आहे; नांदेडला १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. कित्येक घरीं मुलासाठीं संगणक येतो तो सोयाबीनच्या किंवा तुरीच्या पट्टींतून. पुन्हां घेण्याची ऐपत लवकर येत नाहीं. अशा घराला एखाद्या महानगरांतील वातानुकूलित खोलींत मिळालेला वेगाचा आंकडा कितपत उपयोगी? नांदेडला मे महिन्यांत पारा बेचाळीस अंशांच्या वर जातो. प्रोसेसर तापला म्हणजे स्वतःच्या रक्षणासाठीं आपला वेग आपणच कमी करतो. येथें विचारावयाचें तें हें, कीं दोन प्रहरीं, पंख्याखालीं, विजेचा दाब खालींवर होत असतां हें यंत्र कसें चालतें? हा प्रश्न कंपनी विचारणार नाहीं, दूरचा परीक्षकही विचारणार नाहीं. तो येथल्याच वाचकाच्या पैशानें जगणारा परीक्षक विचारील.

शेवटीं हिशेब तेथेंच येऊन ठेपतो. तोलाई कोणी तरी द्यावीच लागते. फुकट तोलणारा मापाडी अद्याप कोणी पाहिलेला नाहीं. जें परीक्षण आपल्याला विनामूल्य मिळतें, त्याची तोलाई दुसऱ्या कोणी दिलेली असते, आणि काटा त्याच्या अंगणांत टांगलेला असतो. वाचकांनीं वर्गणीचे चार पैसे स्वतः मोजले, तरच तो काटा आपल्या अंगणांत आणण्याचा हक्क त्यांना सांगतां येईल.