सिंह कुणाचा, गाणं कुणाचं?

मंडळी, गेल्या आठवड्यात आपल्या गावातल्या दोन-तीन ग्रुपवर एक व्हिडिओ फिरत होता. डावीकडे जपानी कार्टूनमधला पांढरा सिंह, उजवीकडे 'द लायन किंग'मधला सिंह. कड्यावर तसाच उभा, ढगात बापाचा चेहराही तसाच. खाली मोठ्या अक्षरात, 'डिस्नीने ढापला'. तिघांनी मला विचारलं, भाऊ, खरं काय? दोन ओळींत बसणारं उत्तर नाही, म्हणून ही लांबण.

ओसामु तेझुका हे जपानी चित्रकथांचं फार मोठं नाव. १९५० ते १९५४ या काळात त्यांनी एका सिंहाच्या छाव्याची चित्रकथा काढली. १९६५ मध्ये तिची टीव्ही मालिका झाली आणि अमेरिकेत ती 'किंबा द व्हाइट लायन' या नावाने दाखवली गेली. 'लायन किंग' आला १९९४ मध्ये. तेव्हा तेझुका जाऊन पाच वर्षं झाली होती. दोन्हीकडे पोरका छावा, एका डोळ्याला इजा झालेला दुष्ट सिंह, शहाणं माकड, बडबड्या पक्षी आणि तरसं. सिंबाला आवाज देणारा मॅथ्यू ब्रॉडरिक तर म्हणाला होता की, काम मिळालं तेव्हा त्याला हा किंबाच वाटला. दिग्दर्शकांपैकी रॉजर अ‍ॅलर्स ऐंशीच्या दशकात टोकियोत काम करून आलेला. डिस्नीचं म्हणणं एकच, आम्हाला किंबा माहीतच नव्हता. जपानमधल्या शेकडो चित्रकारांनी सह्या करून डिस्नीला पत्र पाठवलं. त्यांची मागणी ऋण मान्य करण्याची होती. तेझुकांची कंपनी मात्र कोर्टाची पायरी चढली नाही.

इथपर्यंत वाचून चोरी सिद्ध झाली असं वाटेल. मलाही वाटलं होतं. पण तारखा तपासायची खोड जात नाही. असल्या व्हिडिओंमधली बरीचशी हुबेहूब दृश्यं १९६५ च्या मालिकेतली नसतात, ती १९९७ मध्ये जपानमध्ये निघालेल्या सिनेमातली असतात. म्हणजे 'लायन किंग'च्या तीन वर्षं नंतरची! शिवाय कथा वेगळी. तेझुकांच्या छाव्याचा बाप माणसाच्या हातून मरतो, आईला पकडून नेतात, छावा जहाजावर जन्मतो आणि पोहत परत येतो. तिथे सगळा झगडा माणूस आणि जनावर यांचा. डिस्नीच्या सिनेमात माणूसच नाही, तिथे सख्खा काका बापाला मारतो. ते शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'कडून आलेलं. आणि सिंबा म्हणजे स्वाहिली भाषेत सिंहच.

आणखी एक. तेझुका स्वतः डिस्नीचे भक्त. 'बँबी' त्यांनी ऐंशीहून जास्त वेळा पाहिला असं सांगतात, आणि 'बँबी'ची चित्रकथाही त्यांनी काढली. त्यांच्या सिंहाच्या अंगात त्या हरणाचं रक्त आहेच. मग कोणी कुणाचं घेतलं? माझं मत विचाराल तर प्रभाव नक्की होता, तो मान्य न करणं हा कोतेपणा. पण चोरी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

चोरी ओळखायची माझी एक गावठी पद्धत आहे. मी वार्ताहर म्हणून नवा होतो तेव्हा तालुक्यातल्या एका बंद नळयोजनेची बातमी चार दिवस फिरून काढली होती. दोन दिवसांनी तीच बातमी एका मोठ्या पेपरात, 'विशेष प्रतिनिधीकडून'. मी पाइपलाइनची लांबी चुकून पाच किलोमीटर जास्त लिहिली होती. त्यांच्याकडेही तेवढीच! माहिती दोघांना मिळू शकते, चूक एकाचीच असते. (माझ्या संपादकांनी मला शाबासकी दिली नाही, लांबीवरून झापलं, ते वेगळं.)

'लायन किंग'च्या चित्रांत अशी चूक सापडत नाही. सापडते ती गाण्यात. टिमॉन आणि पुंबा जे सिंह झोपल्याचं गाणं म्हणतात, त्याची मूळ चाल सॉलोमन लिंडा या झुलू गायकाची. १९३९ मध्ये जोहान्सबर्गच्या स्टुडिओत त्याने 'एम्बुबे' म्हणजे 'सिंह' हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. त्याच्या हातात पडले दहा शिलिंग. ती तबकडी अमेरिकेत पीट सीगरपर्यंत पोहोचली. त्याला झुलू येत नव्हतं. 'उयिंबुबे' हा शब्द त्याला 'विमोवे' ऐकू आला आणि त्याने तसाच गायला. पुढे १९६१ मध्ये त्यावर इंग्रजी शब्द चढले, गाणं जगभर गाजलं. लिंडा १९६२ मध्ये गरिबीतच गेला.

२००० साली रायन मालन या दक्षिण आफ्रिकी पत्रकाराने हे सगळं खणून काढलं. एकट्या 'लायन किंग'मधल्या वापरातून या गाण्याने दीड कोटी डॉलर कमावले असावेत, असा त्याचा अंदाज होता. मग वकिलांनी १९११ चा जुना ब्रिटिश कॉपीराइट कायदा शोधला. लेखक मेल्यावर पंचवीस वर्षांनी हक्क वारसांकडे परततात, असं त्यात कलम होतं. २००४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत डिस्नीवर दावा लागला. कोर्टाने डिस्नीच्या तिथल्या ट्रेडमार्कवर टाच आणली, मिकी माऊससुद्धा त्यात! २००६ मध्ये तडजोड झाली आणि सोवेटोत राहणाऱ्या लिंडाच्या मुलींना मागचे-पुढचे पैसे मंजूर झाले. आकडा जाहीर झाला नाही.

विमोवे मात्र अजून विमोवेच आहे. आपल्या शाळेच्या गॅदरिंगलाही पोरांनी मागच्या वर्षी तेच म्हटलं, शेपट्या लावून.