झ तेम... म्वा नाँ प्ल्यू

सेर्झ गेन्सबूर यांनी रचलेले व जेन बर्किन यांच्यासह गायलेले, १९६९ मध्ये गाजलेले फ्रेंच युगुलगीत (पहा : शांसाँ). १९६७ मध्ये ते ब्रिजित बार्दो (पहा) यांच्यासाठी लिहिले गेले. त्यांच्यासह झालेले ध्वनिमुद्रण त्यांच्याच विनंतीवरून रोखले गेले व १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. नव्या मुद्रणात बर्किन बार्दोंपेक्षा एक सप्तक वर गातात, त्यामुळे शृंगारिक शब्दांना अनपेक्षित कोवळीक येते. खाली ऑर्गनची संथ सुरावट सतत चालू राहते.

यशाचे श्रेय सहसा वादाला दिले जाते. बीबीसीने गीत वाजवण्यास नकार दिला, फोंताना कंपनीने ब्रिटनमधील विक्री थांबवली, मेजर मायनरने तबकडी पुन्हा काढली आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये ती तेथील विक्रीयादीत पहिली आली. परभाषेतील गीताला हे स्थान प्रथमच मिळाले. बंदीने कुतूहल वाढवले, यात शंका नाही. परंतु त्याच वर्षी साउंड्स नाइस यांची केवळ वाद्यांवरील आवृत्तीही पहिल्या विसांत पोहोचली. ती मूळ गीताच्या बोलबाल्यावर तरली, असा आक्षेप रास्त आहे. तथापि तिच्यात बंदी घालण्याजोगे शब्द वा उसासे नव्हते, ग्राहकाने विकत घेतली ती सुरावटच. म्हणून वाद हे प्रसाराचे निमित्त आणि संगीतरचना हे यशाचे मूळ कारण मानणे अधिक सयुक्तिक ठरते (पहा : पॉप संगीत).