गाडीच्या काचांना सन फिल्म: ऊन किती अडतं, नियम काय सांगतो आणि मोबाईलवर कसं तपासायचं?

मे महिन्यात जळकोट, उदगीर, मुखेड या भागात पारा ४२-४३ वर जाणं आपल्याला नवीन नाही. बाजारात तासभर उन्हात उभी केलेली गाडी उघडली की आत नुसती भट्टी असते. मग पहिला विचार येतो, 'काचा काळ्या करून टाकू.' मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पण गावी गेलो की मित्र मोबाईलइतकंच गाडीबद्दल विचारतात: कोणती फिल्म लावू? पोलिस धरतील का?

एक गोष्ट आधी लक्षात घ्या. काच काळी दिसणं वेगळं आणि काचेने ऊन अडवणं वेगळं. नियम पहिल्या गोष्टीवर आहे, आपल्याला हवी आहे दुसरी.

गाडी आतून एवढी का तापते?

जमिनीवर पोचणाऱ्या उन्हातली साधारण निम्मी ऊर्जा अवरक्त किरणांत असते, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या उष्ण किरणांत. दिसणारा प्रकाश त्याहून थोडा कमी, आणि अतिनील किरण फक्त काही टक्के. साध्या काचेतून यातला बराचसा भाग आत येतो. डॅशबोर्ड आणि सीट तो शोषून तापतात. तापलेल्या वस्तूंमधून निघणाऱ्या उष्णतेची तरंगलांबी मोठी असते, ती काचेतून बाहेर जात नाही. त्यात गरम हवाही आतच कोंडते.

अमेरिकेतल्या ॲरिझोनात २०१८ साली झालेल्या एका अभ्यासात बाहेरचं तापमान ३८ अंशांच्या वर होतं. तासभर उन्हात उभ्या गाड्यांची हवा सरासरी ४७ अंशांवर, स्टिअरिंग ५३ वर आणि डॅशबोर्ड ६९ अंशांवर गेला. सावलीतल्या गाड्यांमध्ये हवा ३८ आणि डॅशबोर्ड ४८. म्हणजे लिंबाची सावली डॅशबोर्डचे वीसेक अंश फुकटात कमी करते. फिल्मचा विचार नंतर, आधी सावली शोधा.

फिल्मचे प्रकार

- रंगाची फिल्म: सर्वात स्वस्त. गडद दिसते, पण उष्ण किरण फारसे अडवत नाही. काही वर्षांत रंग उडतो, जांभळी पडते.
- मेटलची फिल्म: धातूचा पातळ थर ऊन परतवतो. काम चांगलं करते, पण धातू रेडिओ लहरींनाही अडवतो. फास्टॅग, जीपीएस आणि मोबाईलचं नेटवर्क या तिन्हींना त्रास होऊ शकतो.
- सिरॅमिक फिल्म: यातले अतिसूक्ष्म कण दिसणारा प्रकाश बराचसा जाऊ देतात आणि उष्ण किरण जास्त अडवतात. सिग्नलला अडथळा नाही. किंमत जास्त.

काळी दिसणारी स्वस्त फिल्म कमी काम करू शकते आणि जवळपास पारदर्शक सिरॅमिक फिल्म जास्त, ते यामुळेच.

दुकानात कोणता आकडा विचारायचा?

पहिला आकडा व्हीएलटी, म्हणजे काचेतून किती टक्के दिसणारा प्रकाश आत येतो. नियम यावर चालतो. दुसरा टीएसईआर, म्हणजे उन्हाच्या एकूण ऊर्जेपैकी किती टक्के अडवली. गारवा यावर ठरतो.

दुकानदार बहुतेक वेळा तिसराच आकडा सांगतो: '९९ टक्के आयआर रिजेक्शन'. हा आकडा अनेकदा अवरक्त किरणांच्या एका छोट्या पट्ट्यात मोजलेला असतो, आणि अवरक्त किरण म्हणजे उन्हाचा निम्माच भाग. म्हणून ९९ टक्के लिहिलेल्या फिल्मचा टीएसईआर ५० टक्केही असू शकतो. लेखी टीएसईआर मागा.

दुकानातला लाल दिव्याचा डेमोही जपून बघा. फिल्ममागे हात धरला की गार वाटतं. पण फिल्म ऊन परतवते आहे की स्वतः शोषते आहे, ते दोन मिनिटांत कळत नाही. शोषणारी फिल्म काच तापवते. गाडी पळत असताना वारा ती उष्णता नेतो, उभ्या गाडीत त्यातली काही आत उतरते.

नियम नेमका काय आहे?

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०० सांगतो: पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, बाजूच्या काचांमधून किमान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे.

२७ एप्रिल २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने अविषेक गोएंका प्रकरणात काचेवर कुठलीही काळी फिल्म लावायला बंदी घातली. टक्केवारी कितीही असली तरी नाही, असा तो आदेश होता. नंतर नियम बदलला. १ एप्रिल २०२१ पासून 'सेफ्टी ग्लास'सोबत 'सेफ्टी ग्लेझिंग' चालतं, आणि त्यात आतल्या बाजूला प्लास्टिकचा थर असलेली काचही येते. सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने याच बदलाच्या आधारे सांगितलं की ७० आणि ५० टक्क्यांची अट पाळणाऱ्या फिल्मसाठी दंड करता येणार नाही.

हा निकाल केरळचा आहे. आपल्याकडे नाक्यावर अडवणाऱ्या पोलिसाला तो माहीत असेलच असं नाही. म्हणून फिल्मचं प्रमाणपत्र आणि बिल गाडीत ठेवा, फोटो मोबाईलमध्येही असू द्या.

अशा फिल्म बनवणारी मोठी कंपनी आपल्या मराठवाड्यातच आहे. गरवारे हाय-टेक फिल्म्स, आधीचं नाव गरवारे पॉलिएस्टर, हिचे कारखाने छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज आणि चिकलठाण्यात आहेत.

इथे हिशोब चुकतो

५० टक्क्यांची फिल्म घेतली म्हणजे ५० टक्क्यांची अट पाळली, असं नाही. कंपनीच्या काचेचा स्वतःचा व्हीएलटीही धरावा लागतो, आणि दोन्हींचा गुणाकार करायचा असतो.

समजा बाजूची काच ७५ टक्के प्रकाश सोडते. त्यावर ५० ची फिल्म लावली तर ०.७५ × ०.५० = ३७.५ टक्के, म्हणजे नापास. ६५ ची लावली तरी ४८.७५, तरीही नापास. ७० ची लावली तर ५२.५, आता पास. पुढची काच ७८ टक्क्यांची असेल तर तिला किमान ९० ची फिल्म लागते: ०.७८ × ०.९० = ७०.२.

मोबाईलवर तपासा

अँड्रॉइड फोनमध्ये वरच्या बाजूला प्रकाश मोजणारा सेन्सर असतो. 'लक्स मीटर' प्रकारचं कुठलंही मोफत ॲप घ्या.

१. स्क्रीनचा ब्राइटनेस कमी करा. थेट ऊन नको, दुपारची उजळ सावली हवी.
२. दार उघडून काच अर्धी खाली करा. फोन दारामागे उभा धरा, सेन्सर बाहेरच्या दिशेला, काचेच्या वरच्या मोकळ्या जागेत. आकडा लिहा.
३. फोन तसाच धरून काच वर करा. सेन्सर काचेला जवळजवळ चिकटलेला हवा. पुन्हा आकडा लिहा.
४. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा, १०० ने गुणा.

बाहेर ८००० आणि काचेमागे ४२०० आले तर व्हीएलटी साधारण ५२ टक्के. सेन्सर थोडा चुकीचा असला तरी भागाकारात ती चूक बरीचशी निघून जाते. तीनदा मोजून सरासरी घ्या. हा अंदाज आहे, आरटीओच्या मीटरपुढे तो पुरावा ठरत नाही. म्हणून उत्तर ५० च्या अगदी काठावर असेल तर ती फिल्म नकोच.

आणखी एक युक्ती. टीव्हीच्या रिमोटचं बटण दाबून सेल्फी कॅमेऱ्यातून बघा, टोकाचा दिवा चमकताना दिसतो. तो अवरक्त प्रकाश असतो. दिव्यासमोर फिल्मचा तुकडा धरा. चमक तशीच राहिली तर त्या फिल्मने उष्ण किरण फारसे अडवले नाहीत.

पैसे कुठे घालायचे?

आधी सावली. मग पुढच्या काचेला आतून लावायचा चकचकीत पडदा, फक्त गाडी उभी असताना. निघताना दोन मिनिटं सगळ्या काचा उघडून गरम हवा बाहेर जाऊ द्या, मग एसी. एवढं करूनही त्रास होत असेल तर नियमात बसणारी सिरॅमिक फिल्म.

फिल्म चालू गाडीत सुख देते, एसीचा भार कमी करते. उन्हात तासन् तास बंद उभ्या गाडीला ती गार ठेवू शकत नाही. आयफोनसाठी ॲपलची मर्यादा बघा: वापरताना ३५ अंश, बंद ठेवताना ४५ अंश. ६९ अंशांच्या डॅशबोर्डवर कुठलाही फोन ठेवू नका.

फोन बिघडला तर दुसरा घेता येतो. पण लहान मूल गाडीत ठेवून 'दोनच मिनिटांत येतो' म्हणणारे आपल्या आसपास आहेत. २००५ च्या एका अमेरिकन अभ्यासात बाहेर जेमतेम २२ अंश असतानाही बंद गाडी तासाभरात सुमारे २२ अंशांनी तापली, आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासात झाली. काचा थोड्या खाली ठेवूनही फारसा फरक पडला नाही. आपल्याकडे सुरुवातच ४२ पासून होते. फिल्म कितीही महागाची असो, मुलाला सोबत घेऊनच उतरा.