वाघोली : पाणीपुरवठा व स्वच्छता

पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरील, हवेली तालुक्यातील हे गाव 2021 मध्ये इतर 22 गावांसह पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. तोवर, झपाट्याने उभ्या राहिलेल्या गृहसंकुलांच्या मानाने ग्रामपंचायतीची साधने तुटपुंजी असल्याने, अनेक रहिवासी कूपनलिका व टँकर यांवरच विसंबून राहिले. जलजीवन मिशनने (2019) ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज 55 लिटर पाणी प्रमाण मानले, तर मलनिःसारण, म्हणजे मैलापाणी भूमिगत नळांतून वाहून नेण्याची व्यवस्था, असलेल्या शहरांसाठी ते 135 लिटर आहे; खेडे व शहर यांच्या सीमेवरील वस्तीला ही तफावत विशेष जाचक ठरते. शिवाय पाणी वाढले की सांडपाणीही वाढते आणि त्याचे शुद्धीकरण न झाल्यास ज्या भूजलावर कूपनलिका चालतात तेच दूषित होण्याचा धोका असतो, म्हणून नळयोजना व मलनिःसारण यांची आखणी एकत्रच व्हावी लागते.