बीजाचा दोष, क्षेत्राची शिक्षा

मूल न झालेल्या बाईसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. वांझ, वांझोटी, कूस न उजवलेली. पुरुषासाठी असा शब्द शोधू लागलो की हाती 'षंढ' किंवा 'नपुंसक' लागतो, आणि दोन्ही शब्द भलतेच काही सांगतात. ज्याचा संसार सर्वार्थाने सुरळीत आहे, पण ज्याच्या बीजात जोर नाही, त्या पुरुषाला आपल्या बोलीने नावच दिले नाही. ज्याला नाव नाही त्याची चौकशीही होत नाही. खानदेशातल्या माझ्याच घराण्यातली एक हकीकत या लेखाच्या मुळाशी आहे.

माझ्या आजीची धाकटी बहीण एरंडोलकडच्या एका गावी दिली होती. स्वातंत्र्याच्या आधी दहाएक वर्षांची गोष्ट. सात वर्षे पाळणा हलला नाही. वणीच्या सप्तशृंगीला पायी जाऊन नवस झाले, आडगावच्या मनुदेवीला झाले, गंडेदोरे झाले. अखेर नवऱ्याने दुसरी बायको केली आणि हिला माहेरी धाडले. काही वर्षांनी धुळ्याकडच्या एका बिजवराशी तिचा पाट लागला आणि तिला तीन मुले झाली. इकडे दुसऱ्या बायकोचीही कूस रिकामीच राहिली. गावाने हिशेब मांडला असेलच, पण मनातल्या मनात. पुढे तो गृहस्थ घरी निजेनासा झाला, मळ्यातच राहू लागला. आजी ही गोष्ट सांगताना नेहमी एकाच अहिराणी वाक्यावर थांबायची : "त्याले कोनी काहीच इचारं नही." पुरुष म्हणून त्याला मिळालेली ही सवलत, असे मी बरीच वर्षे समजत होतो.

धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात जाण्यायेण्याचा प्रघात पडल्यावर या वाक्याचा दुसरा अर्थ दिसू लागला. इतिहासाचार्य राजवाडे 1926 च्या अखेरीस धुळ्यातच वारले आणि लगेच 1927 च्या जानेवारीत हे मंडळ उभे राहिले. भारतीय विवाहसंस्थेवर लिहिताना राजवाड्यांनी कसलीही भीड बाळगली नव्हती. त्यांच्या बोटाला धरून स्मृतिग्रंथांकडे वळलो, तेव्हा पहिला धक्का बसला : आपल्या पूर्वजांना पुरुषाचा दोष ठाऊक होता, आणि चांगला तपशीलवार ठाऊक होता.

मनुस्मृतीने स्त्रीला क्षेत्र आणि पुरुषाला बीज म्हटले. वांझ स्त्री असेल तर आठव्या वर्षी दुसरी करावी, ही तिची आज्ञा. समाजाने नेमकी तेवढीच पाठ केली. पण याज्ञवल्क्य सांगतो की वराच्या पुंस्त्वाची परीक्षा लग्नाआधी काळजीपूर्वक करावी. नारद तर अशा पुरुषांचे चौदा प्रकार मोजतो. त्यांत 'मोघबीज' आहे, म्हणजे ज्याचे बीज निष्फळ जाते तो. ईर्ष्येमुळे असमर्थ होणारा आहे. 'शालीन', म्हणजे संकोचाने गळाठणारा आहे. मनाच्या कारणाने शरीर हटून बसते हे नारदाने स्वतंत्र प्रकार पाडून नोंदवले आणि काही प्रकारांत, ठरावीक काळ वाट पाहून, स्त्रीला दुसरा पती करण्याची मुभाही दिली.

चरकसंहिता याच्या पुढे जाते. वाजीकरणाच्या अध्यायात शुक्र कशाने क्षीण होते याची यादी आहे : म्हातारपण, चिंता, व्याधी, अतिश्रम, उपास आणि अतिसंग. चिंतेचा क्रम दुसरा आहे. योनिव्यापदांच्या अध्यायात क्लैब्याचे चार प्रकार सांगताना शोक, भय, क्रोध पुन्हा येतात. आणि गर्भधारणेला साहाय्य करणाऱ्या गोष्टींत श्रेष्ठ कोणती, तर मनाची प्रसन्नता, असे सूत्रस्थान सांगते. म्हणजे ज्ञान होते. ते पोथीत राहिले आणि व्यवहारात मात्र मनूचे आठवे वर्ष उतरले.

1880 चे खानदेश गॅझेटियर उघडले तर जातवार माहितीत विधवाविवाह आणि बहुपत्नीकत्व यांचे उल्लेख पुन्हा पुन्हा भेटतात. आजीच्या बहिणीला पाटाची वाट मोकळी होती म्हणून तिच्यावरचा कलंक पुसला गेला. ज्या जातींत ती वाट बंद होती, तिथल्या कितीजणी निर्दोष असून वांझ म्हणून मेल्या असतील! मुंबई प्रांतात हिंदूंच्या द्विभार्या विवाहावर बंदी आली ती 1946 च्या कायद्याने. त्याला आव्हान दिले गेले तेव्हा पुत्रप्राप्तीसाठी दुसरे लग्न हा धर्माचाच भाग, असाही मुद्दा आला. 1951 मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी कायदा उचलून धरला. पुत्र हवा तर दत्तकाचा मार्ग आहेच, ही गोष्टही त्या निकालात आली.

याच काळात पुरुषांच्या मनातली भीती कुणाच्या टपालात येऊन पडत होती, तर रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या. जुलै 1927 मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' सुरू केले आणि 1953 मध्ये मृत्यू होईपर्यंत चालवले. वाचकांच्या लैंगिक शंकांना ते शास्त्राच्या आधारे रोखठोक उत्तरे देत. अशाच उत्तरांवरून 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकीलपत्र बॅरिस्टर बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. वीर्यनाशाने माणूस खंगतो, या धास्तीने पिढ्यान्‌पिढ्या तरुण वाळत होते. 1960 मध्ये मनोविकारतज्ज्ञ एन. एन. विग यांनी या धास्तीलाच 'धात' विकार असे नाव देऊन वैद्यकात आणले. बसस्टँडामागच्या भिंतींवर 'गुप्तरोग' रंगवणाऱ्यांचा धंदा या धास्तीवरच चालत आला आहे.

आता आधुनिक शास्त्राकडे. 1936 मध्ये हान्स सेल्ये यांनी ताणाला शरीर एकाच साच्याने तोंड देते हे मांडले. पुढे त्याची यंत्रणा उलगडली. ताण आला की अधिवृक्क ग्रंथींतून कॉर्टिसॉल वाढते. मेंदूतला हायपोथॅलॅमस पियूषिका ग्रंथीला ठोक्याठोक्याने जो संदेश धाडतो, तो मंदावतो. वृषणांतले टेस्टोस्टेरॉन उतरते आणि शुक्रजंतूंची घडण बिघडू शकते. ही घडण सुमारे 74 दिवस चालते. म्हणून आजच्या आघाताची खूण पुढच्या दोन-तीन महिन्यांत उमटते. 17 जानेवारी 1995 रोजी जपानमधले कोबे शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले. वंध्यत्वाचे उपचार घेणाऱ्या ज्या पुरुषांची घरे पडली, त्यांच्या शुक्रजंतूंची गती मंदावलेली आढळली. काही महिन्यांनी ती सुधारली. 2016 मध्ये 1215 डॅनिश तरुणांच्या पाहणीत, सर्वाधिक ताण सांगणाऱ्यांच्या वीर्याची प्रत उतरलेली दिसली.

पण इथे थांबून तोल सांभाळायला हवा. अशा पाहण्या संबंध दाखवतात; एखाद्या माणसाला मूल का झाले नाही, हे त्या सांगत नाहीत. शुक्रजंतू कमी झाले म्हणजे संपले असेही नव्हे. वृषणाजवळच्या फुगलेल्या शिरा, वयात आल्यावर झालेला गालगुंडांचा त्रास, जंतुसंसर्ग, गुणसूत्रांतले दोष, तंबाखू आणि दारू ही कारणे टेन्शनइतकी बोलण्यात येत नाहीत, आणि ती तपासणीतच सापडतात. 'टेन्शन घेऊ नका' हा सल्ला तपासणीची जागा घेऊ लागला, तर तो नवा गंडादोरा होईल. शिवाय तो सल्ला दिला जातो बाईलाच. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडचे कारण एकटे किंवा जोडीने असते, तरी दवाखान्यात आधी सून जाते. 1992 मध्ये ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी एकच शुक्रजंतू थेट बीजांडात सोडण्याच्या तंत्राने गर्भधारणा घडवल्याचे जाहीर केले. दुबळ्या बीजाच्या पुरुषांसाठी ते वरदान ठरले. पण दोष बीजाचा असला तरी संप्रेरकांच्या सुया टोचल्या जातात त्या क्षेत्रालाच.

1955 च्या हिंदू विवाह कायद्याने नपुंसकत्वाच्या कारणावरून विवाह रद्द करता येतो. निव्वळ अपत्यहीनतेवरून येत नाही. कायद्याने जो भेद केला तो बोलीने अजून केलेला नाही. वीर्य तपासायला सांगितले की पुरुषाला वाटते, आपल्या मर्दानगीवरच शंका घेतली. त्या शंकेचा ताण, ताणाने तपासणी टाळणे, टाळण्यातून घरातला अबोला आणि अबोल्यातून पुन्हा ताण, असा हा रहाट फिरत राहतो. ताण हे कारण असेल किंवा नसेल. परिणाम म्हणून तो हटकून असतो.

एरंडोलकडच्या त्या गृहस्थाच्या बाबतीत नेमके काय बिघडले होते, हे कळायला आता मार्ग नाही. त्याला वयात आल्यावर गालगुंड झाले असतील, किंवा आणखी काही असेल. चिंतेने ते घडले असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण पहिल्या बायकोला मुले झाल्याची बातमी ज्या दिवशी पारावर पोचली असेल, त्या दिवसानंतरच्या त्याच्या रात्रींचा विचार मी करतो. वांझ म्हणून हिणवली गेलेली बाई निदान आईजवळ रडली, देवीशी भांडली, नवसाला निघालेल्या बायकांबरोबर चार कोस चालली. त्याला तेवढेही नव्हते. आजीचे वाक्य मी सवलतीचे समजत होतो. ते शिक्षेचे होते, आणि ती शिक्षा त्याला आणि त्याच्या दोन्ही बायकांना मिळून झाली होती.

जळगाव-धुळ्यात आज वीर्यतपासणी सहज होते. खर्चही बाईच्या तपासण्यांच्या मानाने किरकोळ. एवढेच की लग्नाला वर्ष दोन वर्षे उलटली आणि घरात कुजबुज सुरू झाली, तर सुनेआधी, निदान सुनेबरोबर, मुलाला विचारायला हवे. आणि विचारताना आवाज खाली ठेवायला हवा.