पोत्यावरचे नाव

पोते फाटले की आपण त्याचे पायपुसणे करतो. त्या पोत्यालाही इतिहास असतो, हे आम्हांला घानाचे कलावंत इब्राहिम महामा यांच्यामुळे उमजले. त्यांचा जन्म १९८७ मध्ये उत्तर घानातील तमाले या मुस्लिमबहुल शहरातला.

घानात कोकोची लागवड रुजवण्याचे श्रेय टेटे क्वार्शी या लोहाराला देतात. १८७९ मध्ये त्याने फर्नांडो पो बेटावरून बी आणले. १९११ च्या सुमारास इंग्रजांची ही वसाहत कोकोच्या उत्पादनात जगात पहिली झाली. १९५७ मध्ये देश स्वतंत्र झाला. तरी कोको परदेशीच जात राहिला आणि तो भरण्यासाठी भारत-बांगलादेशाकडची तागाची पोती येत राहिली. म्हणजे ताग आपल्या शेतकऱ्याचा, कोको त्यांच्या शेतकऱ्याचा आणि चॉकलेट तिसऱ्याच्याच ताटात!

कोकोनंतर त्याच पोत्यात धान्य भरतात, शेवटी कोळसा. अशी काळवंडलेली पोती महामा बाजारातून नवी पोती देऊन बदल्यात घेतात. कामाच्या शोधात शहरात आलेल्या बायाबापड्यांकडून ती एकत्र शिवून घेतात आणि मोठमोठ्या इमारतींवर चढवतात. २०१५ मध्ये व्हेनिसच्या प्रदर्शनात आर्सेनालेच्या लांबलचक गल्लीच्या भिंती त्यांनी पोत्यांनी झाकल्या. २०१७ मध्ये जर्मनीतील कासेल येथे जुन्या पहारा-चौक्यांची पाळी आली. ही कसली कला, असे कोणी म्हणेल. आम्हीही प्रथम म्हटलेच.

पण त्या पोत्यांवर मालकांची नावे लिहिलेली असतात. शिवणाऱ्या काही स्त्रियांच्या हातांवरही नाव-गाव गोंदलेले असते. परमुलखात अपघात झाला तर ओळख पटावी म्हणून. महामांनी त्या हातांची छायाचित्रे काढली आहेत. आपल्याकडे गोंदणाला मनाई आहे, हे खरे. मात्र आपली मय्यत बेवारस ठरू नये, ही काळजी कोणाला नसते? आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे अब्बा हमालीसाठी परगावी राहतात. ही छायाचित्रे पाहताना आम्हांला तेच आठवले.

कलेतून आलेला पैसा महामांनी तमालेतच घातला. २०१९ मध्ये तेथे त्यांनी कलाकेंद्र उघडले. पुढे उभारलेल्या दुसऱ्या केंद्राच्या आवारात मोडीत निघालेली विमाने आणून ठेवली आहेत. शाळेची मुले त्यांत बसून शिकतात.